तालीम, नेम आणि पाळी : पहाटेच्या व्यायामाच्या सवयीचा एक भाषिक इतिहास

मराठीत सवय लागते, कोणीतरी ती लावतो, आणि माणूस ती लावून घेतो. एकाच धातूची ही तीन रूपे आहेत. पहिल्यात कर्ता सवय हाच आहे; ती येऊन चिकटते, माणूस केवळ तिचे स्थान असतो. दुसऱ्यात कर्ता परका आहे; आई, गुरू, मालक किंवा सरकार. तिसऱ्यात 'घेणे' या सहायक क्रियापदामुळे क्रियेचे फळ कर्त्याकडेच परत येते, आणि माणूस स्वतःचाच वस्ताद बनतो. व्याकरणाच्या पुस्तकात हा भेद दोन ओळींत संपतो. परंतु एखाद्या विशिष्ट सवयीचा इतिहास पाहू लागले म्हणजे असे दिसून येते की ही तीन रूपे तीन निरनिराळ्या समाजव्यवस्थांची द्योतक आहेत. पहाटे उठून व्यायाम करण्याची सवय हे त्याचे चांगले उदाहरण होय. महाराष्ट्रात ही सवय दीर्घकाळ लावली जात होती. ती लावून घ्यावयाची गोष्ट आहे, ही कल्पना मुख्यतः विसाव्या शतकातील आहे.

हा भेद केवळ शब्दांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. छत्रपती संभाजीनगरच्या नैर्ऋत्येस, पुण्याच्या रस्त्यावर, गंगापूर तालुक्यात वाळूज हे गाव आहे. तेथील औद्योगिक वसाहतीत १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि शेतीवर व सूर्यावर चालणारा त्या परिसराचा दिवस पाळ्यांवर चालू लागला. पहाटे उठा, व्यायाम करा, सवय लावून घ्या, हा उपदेश आज तेथील कामगारालाही इतरांइतकाच ऐकावा लागतो. तो उपदेश ज्या परंपरेच्या नावाने केला जातो, त्या परंपरेत ही सवय कशाच्या आधारावर उभी होती, हे तपासून पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

प्रारंभ आयुर्वेदापासून करणे सोयीचे आहे, कारण पहाटेच्या व्यायामाचे समर्थन करणारा प्रत्येक मराठी लेखक तेथूनच प्रारंभ करतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. निरोगी माणसाने ब्राह्म मुहूर्तावर उठावे, हे त्यातील विधान सर्वश्रुत आहे. मात्र त्या अध्यायाची रचना सहसा कोणी लक्षात घेत नाही. उठण्याची वेळ सांगून झाल्यावर वाग्भट व्यायामाची वेळ सांगत नाही. तो क्रम सांगतो. शौच, दंतधावन, अंजन, नस्य इत्यादी उपचार, मग अभ्यंग, अभ्यंगानंतर व्यायाम, व्यायामानंतर उटणे आणि मग स्नान. व्यायामाला स्वतःची घटिका नाही, त्याला शेजारी आहेत. अंगाला तेल लागले आहे आणि स्नान व्हावयाचे आहे, या दोन गोष्टींच्या मध्ये तो अडकवलेला आहे. अर्धी शक्ती खर्च होईल इतकाच व्यायाम करावा, तोही बलवानाने व स्निग्ध भोजन करणाऱ्याने, थंडीत आणि वसंतात. इतर ऋतूंत त्याहून कमी. बालकाने, वृद्धाने व अजीर्ण झालेल्याने करू नये. अशा मर्यादाही तेथेच आहेत. ज्याला तेल, तूप आणि सकाळचा निवांतपणा आहे त्याच्यासाठी हा अध्याय लिहिला गेला, हे उघड आहे. तथापि सवय घड्याळाला न बांधता आधीच्या व नंतरच्या कृतीला बांधावयाची, ही त्यातील दृष्टी महत्त्वाची आहे.

संस्कृत 'व्यायाम' हा शब्द वि आणि आ या उपसर्गांसह यम् या धातूपासून झाला आहे. ताणणे, पसरणे हा त्याचा मूळ भाव. मराठीत तो ग्रंथातला शब्द म्हणून राहिला. आखाड्यात व घरात चालणारे शब्द वेगळे होते, आणि त्यांतील बहुतेक फारसी-अरबी मार्गाने आले होते. 'जोर' म्हणजे फारसीत बळ. मराठीने या भाववाचक नामाचे गणनीय नाम केले. शंभर जोर काढले, असे म्हणणाऱ्याने बळाला एकक दिले आहे. 'कसरत' या शब्दाची कथा अधिक उद्बोधक आहे. मूळ अरबीत त्याचा अर्थ विपुलता, बाहुल्य. पुष्कळदा करणे, यावरून अभ्यास आणि त्यावरून अंगमेहनत, असा त्याचा प्रवास हिंदुस्थानीत झाला व तेथून तो मराठीत आला. म्हणजे या शब्दाच्या पोटातच पुनरावृत्ती आहे. संस्कृत 'अभ्यास' या शब्दाचाही मूळ अर्थ पुनःपुन्हा करणे हाच. पण मराठीने तो पुस्तकाकडे वळविला. 'रियाज' हा शब्द मूळ अरबीत शिस्त लावणे, वळण लावणे या अर्थाचा; आजच्या अरबीत त्याच धातूचा शब्द खेळ व व्यायाम यांना लावतात; मराठीत मात्र तो गवयाच्या गळ्यापुरता उरला. शरीर, गळा आणि बुद्धी या तिन्हींच्या शिक्षणाचे शब्द असे एकमेकांत सरमिसळ झालेले आहेत, आणि त्यांचे मध्यवर्ती उदाहरण 'तालीम' हे होय.

'तालीम' म्हणजे अरबीत शिकविणे. उर्दूत हा शब्द शिक्षण या अर्थी स्थिर झाला. मराठीत त्याने दोन वळणे घेतली. एक, कोणत्याही कलेची सराव करून घेतलेली शिकवण, जसे गाण्याची तालीम, नाटकाची तालीम. आणि दुसरे, कुस्तीची व मेहनतीची जागा. क्रियेचे नाव स्थलवाचक झाले. मनुष्य तालमीत जातो, तालमीत तयार होतो. येथे विभक्ती पाहण्यासारखी आहे. व्यायाम ही केली जाणारी गोष्ट नसून ती एक जागा आहे आणि माणूस तिच्या आत आहे, असे ही सप्तमी सांगते.

त्या जागेची रचना सवयीच्या दृष्टीने पाहिली पाहिजे. मध्ये तांबड्या मातीचा हौदा. त्या मातीत तेल, ताक, लिंबू, हळद मिसळलेली. कोपऱ्यात मारुती. भिंतीला मुद्गलाच्या जोड्या, करेल, मल्लखांब. पहाटे येऊन ती माती उकरावी लागते. ती एकट्याने उकरून होत नाही आणि उकरल्याशिवाय कोणालाही लढता येत नाही. ज्याच्याशी जोड धरावयाची तो वाट पाहत असतो. धाकट्यांनी थोरांच्या अंगाला तेल लावावयाचे, थोरांनी धाकट्यांना डाव सांगावयाचा. आणि सर्वांवर वस्ताद. मूळ फारसी 'उस्ताद'. आरंभीच्या उकारापुढे वकार घेण्याच्या मराठी प्रवृत्तीने तो 'वस्ताद' झाला, आणि पुढे त्याला 'बनेल' अशी एक वाकडी छटाही आली. अशा ठिकाणी पोराच्या मनोनिग्रहाला फारसे काम उरत नाही. न आलेला डोळ्यावर येतो, एवढेच पुरे असते. सवय येथे लावली जाते, आणि लावणारा समोर उभा असतो. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने ही व्यवस्था शिखरास पोचली. तेथील पेठांतून तालीम हा शब्द पुढे इतका विस्तारला की आज पाटाकडील तालीम किंवा दिलबहार तालीम म्हटले की कोल्हापूरकराला प्रथम फुटबॉलचा संघ आठवतो. पुण्याच्या मानाच्या गणपतींपैकी तिसरा गुरुजी तालमीचा. मेहनतीचे नाव मंडळीचे नाव झाले, यावरून तालमीत मुळात मेहनतीपेक्षा मंडळी किती महत्त्वाची होती हे कळून येते.

तालमीबाहेर, घरात व मठात, दुसरा शब्द होता : 'नेम'. हा संस्कृत 'नियम' याचाच तद्भव. 'नेमाने' म्हणजे न चुकता. जप, स्नान, प्रदक्षिणा, वारी यांच्या बरोबरीने सूर्याला नमस्कार हाही एक नेम होता. समर्थ रामदासांचा जन्म मराठवाड्यातील जांब येथे १६०८ साली झाला. नाशिकजवळ टाकळी येथे राहत असता ते नित्य बाराशे नमस्कार घालीत, असे संप्रदायाची परंपरा सांगते. आकड्याची ऐतिहासिक शहानिशा करण्याचे येथे प्रयोजन नाही; परंपरेने हा आकडा जपावा, हीच लक्षणीय गोष्ट आहे. ज्या मुलाने बोहल्यावर 'सावधान' हा शब्द ऐकून पळ काढला अशी कथा आहे, त्याच्याच नावाने पुढे शतकानुशतके व्यायामाचे समर्थन व्हावे, आणि आजच्या कवायतीच्या मैदानावरही तोच शब्द पहिल्या आज्ञेच्या जागी असावा, हा योगायोग गमतीचा आहे.

नेमाला जोडलेली क्रियापदेही धर्मविधीतली आहेत. जोर काढतात किंवा मारतात, बैठका मारतात. पण नमस्कार घालतात, जसे दंडवत घालतात, प्रदक्षिणा घालतात. नेमाची वेळही घड्याळाची नाही. रामप्रहर, काकडआरती, तांबडे फुटणे, झुंजुमुंजू, ही सर्व नावे आवाजाची, प्रकाशाची किंवा देवाची आहेत. त्यांच्या विरुद्ध बाजूला मराठीने एकच पण फार समर्थ शब्द उभा केला आहे : 'साखरझोप'. पहाटेच्या झोपेला साखरेची उपमा देणाऱ्या समाजाला पहाटे उठणे सहज साधत होते, असे मानता येत नाही. आणखी एक सूक्ष्म भेद येथे नोंदविण्यासारखा आहे. व्रत मोडते, सवय सुटते, पण नेम चुकतो. चुकलेला नेम दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करता येतो. मोडलेल्या व्रताला प्रायश्चित्त लागते. आजच्या उपदेशात सवयीची कल्पना बहुधा व्रतासारखी केली जाते, आणि एका दिवसाचा खंड हा पराभव ठरतो. जुन्या मराठीची नेमाविषयीची समज याहून उदार होती.

तालमीचा दरवाजा सर्वांना उघडा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. या बाबतीत पुण्याच्या गंज पेठेतील लहुजी राघोजी साळवे यांच्या तालमीचे महत्त्व असाधारण आहे. मांग समाजात १७९४ साली जन्मलेले लहुजी १८८१ पर्यंत जगले आणि 'लहुजी वस्ताद' या नावानेच स्मरणात राहिले. जोतीराव फुले यांनी त्यांच्या तालमीत दांडपट्ट्याचे व इतर शिक्षण घेतल्याचे सांगितले जाते. पुढे फुल्यांनी मुलींसाठी आणि अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या, तेव्हा त्या शाळांना मुले मिळवून देण्यात व त्यांना संरक्षण देण्यात लहुजींचा वाटा होता. त्यांच्याच घराण्यातील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाला. उर्दूतील तालीम आणि मराठीतील तालीम, म्हणजे शाळा आणि आखाडा, हे दोन अर्थ जवळजवळ एका घरात आले ते येथे. शरीराला वळण लावणारा आणि अक्षराला वाट करून देणारा मनुष्य एकच होता. कोशकाराने या शब्दाचे अर्थ क्रमांक देऊन वेगळे केले, तरी इतिहासात ते असे वेगळे राहिलेले नाहीत.

हेच दोन अर्थ मराठवाड्यात मात्र दुसऱ्याच रीतीने एकमेकांसमोर आले. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत औरंगाबाद निजामाच्या राज्यात होते. राज्यकारभाराची भाषा उर्दू. शिक्षणखात्याचा प्रमुख 'नाझिम-ए-तालीमात'. मौलवी अब्दुल हक यांच्या काळात अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे ठाणे औरंगाबादेतच होते. एकाच शहरात एकाने तालीम म्हटले तर दुसऱ्याने शाळा समजावी आणि तिसऱ्याने हौदा, अशी स्थिती होती. विशेष हे की शासनाचा संशय दोन्ही तालमींवर होता. सार्वजनिक सभांप्रमाणेच खाजगी शाळा आणि आखाडे यांवरही परवानगीचे बंधन होते, आणि १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहामागील तक्रारींत या बंधनांचा समावेश होता. पहाटे काही तरुण एका जागी जमतात आणि एका माणसाचे ऐकतात, ही गोष्ट राज्यकर्त्याला निव्वळ आरोग्याची वाटत नाही. तिकडे वर्ध्यास याच सुमारास गांधींच्या शिक्षणयोजनेला 'नई तालीम' हे नाव मिळाले. तेही नाव ऐकून महाराष्ट्रातील अनेकांच्या डोळ्यांसमोर आधी मुद्गल आले असतील तर नवल नाही. आणि ती योजना हाताच्या कामातून शिक्षण देण्याची असल्यामुळे तो गैरसमज अगदीच निराधार ठरला नसता.

इंग्रजी अमलाखालील महाराष्ट्रात विचाराची दिशा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बदलू लागली होती. बाळ गंगाधर टिळक १८७२ साली मॅट्रिक होऊन डेक्कन कॉलेजात गेले आणि त्यांनी पहिले वर्ष अभ्यास बाजूस ठेवून व्यायामाला दिले. ही हकिकत सर्व चरित्रकार कौतुकाने सांगतात. तिच्यातील नवेपणा असा की येथे कोणी वस्ताद नाही. अशक्त प्रकृतीचा एक विद्यार्थी आपल्या शरीराचा हिशेब मांडतो आणि त्यासाठी एक वर्षाचा खर्च मंजूर करतो. सवय लावून घेण्याचे हे आरंभीचे ठळक उदाहरण म्हणता येईल. पुढे संस्था निघाल्या. बडोद्यास जुम्मादादा या मुसलमान उस्तादाच्या नावाने त्यांचे शिष्य माणिकराव यांनी व्यायाममंदिर चालविले. अमरावतीस वैद्य बंधूंचा हनुमान आखाडा १९१४ साली सुरू झाला व त्याचेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. १९३६ साली त्याच्या पथकाने बर्लिनला भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. लोणावळ्याचे कैवल्यधाम आणि पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ ही दोन्ही १९२४ ची. बडोद्यातूनच द. चिं. मुजुमदार यांच्या संपादकत्वाखाली १९३६ पासून 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत निघाला. व्यायामाचा ज्ञानकोश निघावा, याचा अर्थ तालमीतले ज्ञान वस्तादाच्या तोंडून सुटून छापील पानावर आले. छापील पान वाचणारा मनुष्य एकटा असतो.

या एकट्या माणसाला उद्देशून सर्वांत यशस्वीपणे बोलला तो एक संस्थानिक. सातारा जिल्ह्यातील औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) हे चित्रकार, कीर्तनकार आणि व्यायामाचे कट्टर पुरस्कर्ते. आरंभी काही वर्षे त्यांनी युजेन सँडो या युरोपीय मल्लाच्या पद्धतीने उपकरणे घेऊन व्यायाम केला. नंतर मिरजेच्या अधिपतींच्या सूचनेवरून ते सूर्यनमस्काराकडे वळले. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. ज्याला आपण परंपरागत म्हणतो तो व्यायाम त्यांच्या हाती सँडोच्या मागून आला, आणि येताना सँडोची शिस्त घेऊन आला. नेम होता त्याची पद्धत झाली. किती नमस्कार, किती मिनिटांत, कोणत्या अवस्थेत श्वास घ्यावयाचा, कोठे तो रोखावयाचा, हे सारे ठरले. १९३८ साली लंडनमध्ये लुईझ मॉर्गन यांनी संपादिलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' या नावाने निघाले, तेव्हा शीर्षकातच दहा अवस्थांचा आकडा आला आणि सूर्य मुख्य शीर्षकातून नाहीसा झाला.

भाषेच्या अभ्यासकाला या पद्धतीतील मंत्रभाग विशेष रोचक वाटेल. मित्र, रवी, सूर्य, भानू, खग, पूषा, हिरण्यगर्भ, मरीची, आदित्य, सविता, अर्क, भास्कर ही बारा नावे प्रत्येक नमस्काराला एक याप्रमाणे उच्चारावयाची, आणि त्यांना ह्रां, ह्रीं, ह्रूं अशी दीर्घ स्वरान्त व अनुनासिक बीजाक्षरे जोडावयाची. पंतप्रतिनिधींनी या उच्चारांच्या कंपनाने शरीराच्या निरनिराळ्या भागांवर परिणाम होतो असे प्रतिपादन केले. त्या शारीरिक दाव्याविषयी भाषाशास्त्र काही सांगू शकत नाही. परंतु सवयीच्या दृष्टीने या नावांचे कार्य स्पष्ट आहे. ती मोजदाद करतात. बारा नावे संपेपर्यंत थांबता येत नाही आणि कितवा नमस्कार हे बोटांवर मोजावे लागत नाही. तालमीत जे काम जोडीदार करतो ते येथे नामावळी करते. शिवाय नमस्काराला जागा लागते ती एका सतरंजीची. माती, हौदा, जोडीदार, खुराक, काहीही लागत नाही. मध्यमवर्गीय घरातील ओसरीवर, स्नानाच्या आधी, हा व्यायाम बसला. वाग्भटाच्या दिनचर्येतील जागा त्याला पुन्हा मिळाली, आणि तो टिकला याचे कारण बहुधा तेच आहे.

मात्र औंधचा प्रयोग निव्वळ स्वेच्छेचा नव्हता. पंतप्रतिनिधींनी संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. पुस्तकातील वाचकाला ते 'लावून घ्या' असे सांगत होते. शाळेतील मुलाला ते लावीत होते. ज्या राजाने १९३९ साली आपल्या प्रजेला जबाबदार राज्यपद्धती देऊन टाकली, त्यालाही व्यायामाच्या बाबतीत स्वेच्छेवर सर्वस्वी विसंबावेसे वाटले नाही. यात विसंगती आहे असे म्हणता येईल. पण सवयीचा प्रश्न त्यांना पुरेपूर समजला होता, असेही म्हणता येईल. शाळेतल्या मुलाला समवयस्कांची रांग असते, घंटा असते, मास्तर असतो. ही सारी तालमीचीच सामग्री आहे.

आतापर्यंतच्या विवेचनात पहाटे उठणारा मनुष्य पुरुष आहे. वस्तुतः महाराष्ट्रातील पहाट प्रथम जागी होत असे ती जात्याच्या घरघरीने. घरोघरी बाया कोंबड्याच्या आधी उठून दळण दळीत, आणि दळताना ओव्या म्हणत. हेमा राईरकर व गी प्वातव्हँ यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. खांदे, पाठ, पोट यांना जात्याइतके राबविणारे साधन तालमीतही थोडेच असेल. पण दळण्याला कोणी व्यायाम म्हटले नाही. शेतकऱ्याच्या पहाटेच्या मोटेलाही नाही. 'मेहनत' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो : मूळ अरबीत त्याचा अर्थ कष्ट, कसोटी, शेतात तो कष्टच राहिला आणि तालमीत तो व्यायाम झाला. शब्द एक असला तरी एकीकडे खुराक आहे आणि दुसरीकडे उरलेली भाकर. व्यायामाची व्याख्या करताना श्रम त्यातून वगळले गेले, आणि मग जे श्रम करीत होते ते व्यायाम करीत नाहीत असा निष्कर्ष काढण्यात आला. पंतप्रतिनिधी स्त्रियांनीही नमस्कार घालावेत असा आग्रह धरीत, आणि त्यांच्या राणीसाहेब स्वतः ते घालीत. हे त्या काळात धीराचेच होते. पण ज्या घरात पिठाची गिरणी पोचली नव्हती, तेथे त्या आग्रहाला काय उत्तर मिळाले असेल याची कल्पना करणे कठीण नाही. सवय लागण्याचे जे पहिले रूप, ज्यात कर्ता माणूस नसतोच, ते जात्याच्या बाबतीत सर्वांत खरे होते. तेथे निग्रहाचा प्रश्नच नव्हता. पीठ नसेल तर भाकरी नव्हती.

या पार्श्वभूमीवर वाळूजकडे पाहिले म्हणजे अडचण कोठे आहे ते दिसते. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. 'पाळी' या शब्दाचा अर्थच आळीपाळीने येणारी वेळ असा आहे. ज्याची पाळी ठरावीक काळाने बदलते त्याला रामप्रहर नाही. एका आठवड्यात तांबडे फुटते तेव्हा तो कामाच्या बसची वाट पाहत असतो, दुसऱ्यात तो झोपेत असतो, तिसऱ्यात तो कारखान्यातून परतत असतो. ब्राह्म मुहूर्तावर बांधलेली सवय त्याला महिन्यातून फार तर एखादा आठवडा पाळता येईल. पण वाग्भटाचा क्रम, म्हणजे तेलानंतर आणि स्नानाआधी, कोणत्याही पाळीत चालतो. कारण स्नान तो केव्हा ना केव्हा करतोच. परंपरेतील वेळ आणि परंपरेतील क्रम यांतून आजच्या प्रचारकांनी वेळ उचलली आणि क्रम सोडला, ही निवड चुकीची म्हटली पाहिजे. दुसरी अडचण मंडळीची. वसाहतीत राहावयास आलेला कामगार निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेला असतो, आणि जोडीदाराची पाळी त्याच्या पाळीशी जुळेलच असे नाही. तालीम उभी राहते ती सर्वांची पहाट एक असते म्हणून. बजाजनगरसारख्या वस्तीत पहाट एक नाही.

याच परिसरात आषाढी एकादशीला एक वेगळे दृश्य दिसते. वाळूजजवळ पंढरपूर नावाचे गाव आहे. विठ्ठलमंदिरामुळे त्याला लोक छोटे पंढरपूर म्हणतात. त्या दिवशी शहरातून व आसपासच्या खेड्यांतून माणसे भल्या पहाटेपासून पायी चालत तेथे येतात. त्यांत स्त्रिया असतात, वृद्ध असतात. चालण्याला ते व्यायाम म्हणत नाहीत. वारी म्हणतात, आणि वारी केली जाते, चुकते, पण सोडली जात नाही. वर्षातून एकदाच का होईना, माणसांना एवढ्या पहाटे एवढे अंतर कोणीही न सांगता चालावयास लावणारी सामग्री तेथे उपस्थित असते : ठरलेली जागा, सोबत, आणि चालण्यापलीकडचे काही कारण.

एरवीच्या दिवसांसाठी अलीकडच्या मराठीत एक नवा प्रयोग रूढ झाला आहे : 'जिम लावली'. शिकवणी लावणे, खानावळ लावणे, दुधाचा रतीब लावणे, वर्तमानपत्र लावणे, या मालिकेतला हा प्रयोग आहे. येथे 'लावणे' पुन्हा आले, पण त्याचे कर्म बदलले. जुन्या वाक्यात वस्ताद पोराला सवय लावीत असे; नव्या वाक्यात मनुष्य स्वतःला जिम लावतो आणि महिन्याचे पैसे भरतो. सवयीचे नाव वाक्यात कोठेच नाही. खानावळ लावली म्हणजे दोन वेळा जेवण ठरले, आणि भूक माणसाला तेथे नेऊन पोचवते. जिम लावली म्हणजे केवळ दार उघडे झाले. म्हणूनच बहुधा या प्रयोगाचे उत्तरार्धातील रूपही तितक्याच लवकर रूढ झाले आहे. नेम चुकतो, व्रत मोडते, वारी राहते, जिम सुटते.